एका स्टँडवर दोन माइक

कडाव, १६ नोव्हेंबर

रोहिदास,

तुला आशीर्वाद द्यावेत तर तू माझ्याहून अडीच महिन्यांनी मोठा. नमस्कार घालावा तर मी तुझ्या बहिणीचा नवरा. म्हणून मायन्याची जागा कोरी सोडली आहे. हवं ते भरून घे.

पत्रास कारण एक गंभीर तक्रार. आपल्या भजनी मंडळाच्या माइकला पिवळ्या स्पंजची एक टोपी होती. अकरा वर्षांपूर्वी तू कंपनीतून बदली मागून घेतलीस आणि कडाव सोडलंस, तेव्हा ती तुझ्या सदऱ्याच्या खिशातून वापीला गेली. हे अनुमान नव्हे, प्रत्यक्ष प्रमाण आहे. फुगलेला खिसा तुझ्याच बहिणीने, सुनिताने, पाहिला होता. मंडळ मोडलं, पखवाजाची पुडी उंदरांनी खाल्ली, पेटी कुणी नेली ते पेटीलाच ठाऊक, यांपैकी कशाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण टोपी सार्वजनिक होती. तिच्या अभावी माझ्या नव्या, म्हणजे अतिशय जुन्या, माइकच्या जाळीवर थेट तुषारसिंचन होतं आणि नम्रता म्हणते, "बाबा, तुमचे विसर्ग अंगावर येतात." कर्जतच्या शाळेत सव्वीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्या माणसाने पोटच्या मुलीकडून हे ऐकावं, याला जबाबदार कोण?

तुझ्या फोनवर माझा नंबर बंद आहे हे मला माहीत आहे. पोस्टमन बंद करण्याची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा मार्ग.

आता माइकविषयी. गेल्या रविवारी कुंभिवलीला हायवेलगत बायजाबाईच्या भंगारात तो मला सापडला. ट्रकच्या दोन बंपरांमध्ये तोंड खुपसून पडला होता. हातात घेतला तर खलबत्त्यातल्या बत्त्यासारखा जड. जाळीला एक पोचा, रंग अर्धा उडालेला, पण ऐट अशी की आपणच भंगारात पाहुणे म्हणून आलो आहोत. मी शक्य तेवढा विरक्त चेहरा करून विचारलं, "बाई, हा कसा दिला?"

"कंचा? त्यो? वजनावर पायजे का वस्तू म्हून पायजे?"

"फरक काय?"

"वजनावर घेतला तर लोखंडाचा भाव. वस्तू म्हून घेतला तर तुमच्या तोंडाकडं बघून सांगन."

"वजनावर द्या की मग."

"मास्तर, मगाधरनं पंधरा खेपा त्योच उचलताय नि त्योच ठेवताय. लोखंडाला कोण असं कुरवाळतं? वस्तू म्हूनच लागंल."

तेव्हा वस्तू म्हणून घेतला. पण आंधळेपणाने नाही. मला आता परीक्षा करता येते. कानाशी धरून हलवायचा. आत खुळखुळलं तर नमस्कार करून ठेवून द्यायचा. जाळीला टाचणी लावायची. चिकटली की लोहचुंबक जागा आहे. मग मल्टिमीटरची दोन टोकं मागच्या पिनांना लावायची. जाळीतून बारीकसा 'टक्' ऐकू आला की आतला पडदा शाबूत. या डायनॅमिक माइकांचं मला कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी. एक पातळ पडदा, त्याला केसाएवढ्या तारेचं वेटोळं, मागे चुंबक. बॅटरी नको, बाहेरची वीज नको, मिनतवारी नको. समोर कुणी बोललं की पडदा हलतो, वेटोळं हलतं, आणि आवाजाची वीज होते. चाळीस वर्षं बंपराखाली काढली तरी 'टक्' म्हणतो. आपल्यातले किती जण म्हणतील?

ओघात आलंच आहे म्हणून लिहितो. बावीस फेब्रुवारीला नम्रतेचं लग्न आहे. मुलगा खोपोलीचा, बरा आहे, फार बोलत नाही, त्यामुळे आमच्या घरात टिकेल. अंतरपाट धरला की नवरीच्या मागे मामा उभा राहतो, हे सांगायला संस्कृत लागत नाही. शिवाय ती सात वर्षांची असताना तू तिला शब्द दिला होतास की शेवटचं मंगलाष्टक तू म्हणशील. मी म्हटलं, मामा गेली अकरा वर्षं या घरात आलेला नाही आणि ऐकतो की गातही नाही, तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी मामा म्हणून उभं करू. ती म्हणाली, "करा. मी मागे वळून बघेन, आणि मामा नसला तर तिथूनच घरात निघून जाईन." हा स्वभाव माझ्या घराण्यात नाही. तुमच्याकडून आलेला आहे.

टोपी पाठव. टपालाने चुरगळेल असं वाटत असेल तर स्वतः घेऊन ये.

नामा


कडाव, ३० नोव्हेंबर

रोहिदास,

उत्तर नाही. पण पत्र पोचलं, तू ते उभ्यानेच वाचलंस, "विसर्ग" या शब्दापाशी नाकातून हसलास आणि मग कपाटावर ठेवलंस, इतपत वृत्तांत मिळाला आहे. हेराचं नाव सांगणार नाही. सुरेखाला मात्र उगाच रागावू नकोस. नवऱ्यांनी नणंद-भावजयींच्या फोनमध्ये पडू नये.

मंगलाष्टकांना दोन माइक लागतात, एक भटजींना आणि एक मामाला. (मामा कोण, हा प्रश्न मी तूर्त उघडा ठेवला आहे, नम्रतेने ठेवलेला नाही.) म्हणून बायजाबाईचा माइक घेऊन मी खोपोलीला मनोजकडे गेलो. तुझ्या ओळखीचाच तो. स्टेशनापलीकडे दुकान, बाहेर "येथे सर्व दुरुस्त होईल" ही पाटी, आणि पाटीचा एक खिळा गेली वीस वर्षं निघालेला. त्याच्याकडून दुसरा एक जुना माइक घेतला, बारीक मानेचा. मनोज म्हणाला, हा कधीकाळी शाळेच्या प्रार्थनेला असायचा. मी म्हटलं, मग याला सहनशक्ती असेल.

एकेक लावून पाहिला. काय आवाज, रोहिदास! आजकालचे माइक आवाज धुऊन, इस्त्री करून देतात. यांच्यात माणूस घसा खाकरतो तोही घसा खाकरल्यासारखा वाटतो. बारीक मानेच्यात माझा आवाज, माझ्या नम्र मताप्रमाणे, चक्क पंडितासारखा आला. मनोजने एका स्टँडला आडवी पट्टी बसवून दोन्ही माइक शेजारी शेजारी लावले, वीतभर अंतरावर, आणि दोन्ही चालू करून म्हणाला, "बोला, मास्तर."

मी बोललो. आणि आवाजातली माती निघून गेली. खालचा सगळा भरीवपणा गायब. उरली ती डब्यात अडकलेली माशी.

"माइक गेला का रे?"

"कोन जातोय? दोनी ठनठनीत हायत." मनोज हसायला लागला. "तुमच्या भंगाराच्या पोराची तार उलटी हाय, मास्तर. एकाचा पडदा आत जातो तवा दुसऱ्याची वीज म्हनते भाईर आला. दोगं एकमेकांचा आवाज खातात. एकेकटे लावा, दोगंबी राजे. जोडीला लावा, दोगंबी भिकारी."

त्याने प्लग उघडला, मागच्या दोन तारांची अदलाबदल केली, सोल्डरिंगचा डाग दिला, पुन्हा दोन्ही लावले. माती परत आली.

मी तिथे स्टुलावर बसलो. मनोजने चहा मागवला. तो आला, निवाला. मी बसूनच.

रोहिदास, खोपोलीची भजनस्पर्धा आठव. दुपारचे चार. आपण गुडघ्याला गुडघा लावून बसलेले. एकच बुटका स्टँड, त्याला आडवी पट्टी, त्यावर तुझ्यासमोर मंडळाचा माइक आणि वीतभर शेजारी माझ्यासमोर आयोजकांचा. सुरुवातीची दोन भजनं तू एकट्याने म्हटलीस तेव्हा मागच्या रांगेतले लोक पुढे सरकले होते. मग गजर आला, मी तुझ्यात सूर मिसळायचा होता म्हणून साउंडवाल्याने माझाही माइक चालू केला, आणि तुझा आवाज गेला. माझाही. वरच्या पट्टीत तर दोघांचा मिळून एका पत्र्याच्या पिपाणीएवढा उरला. परीक्षकांनी खाली बघून काहीतरी लिहिलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे. नंतर मांडवामागे तू म्हणालास, "नाम्या, तू मुद्दाम गळा आखडलास." परतीच्या टेंपोत मी जे म्हणालो ते इथे लिहीत नाही.

तार उलटी होती. तुझ्या माइकची किंवा माझ्या. एकेक तपासले तेव्हा दोन्ही उत्तम होते, म्हणून कुणाला कळलं नाही. तेव्हा निकाल असा की दोन्ही पक्ष निर्दोष, आरोपी पितळेची एक पिन. अकरा वर्षांचा खटला एका चहात निकाली निघाला. माझा आनंद या शाईत मावत नाही. तुझा कळव.

नामा


कडाव, १४ डिसेंबर

रोहिदास,

हेराचा अहवाल : दुसरं पत्र तू दोनदा वाचलंस. गच्चीवर गेलास. खाली येऊन "जेवायला वाढ" एवढंच म्हणालास आणि भाजीत मीठ नव्हतं ते तुला कळलं नाही. मी याचा अर्थ अनुकूल लावतो. अनुकूल अर्थ लावणं हा माझा व्यवसायच आहे. दहावीच्या उत्तरपत्रिका त्याशिवाय तपासताच येत नाहीत.

काल पुन्हा खोपोलीला गेलो. नैयायिक म्हणतील, नुसतं अनुमान पुरेसं नाही, धूर दिसला तर आग दाखवा. आपलं मंडळ मोडल्यावर सामान कुणी कुणी नेलं याचा मी पंधरा दिवस शोध घेत होतो. आपला माइक मनोजनेच उचलला होता. त्यालाही विसर पडला होता. फळीवरून एक खोकं काढलं, त्यात रेडिओची बटणं, एका पंख्याचं पातं, आणि तळाशी तो, केबलसकट. ओळखायला वेळ लागला नाही. दांड्यावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका अजून आहे. सुनिताने लावला होता, दुसऱ्या मंडळांच्या माइकांत आपला हरवू नये म्हणून, आणि तू म्हणाला होतास, "आता याला टिकली न् बांगड्या पन घाल."

"किती घेणार?" मी मनोजला विचारलं.

"तुमचाच हाय की."

"मग मला माझाच माइक सेकंडहँड विकत घ्यावा लागतोय."

"मास्तर, तुमी पयल्यांदा घेतला तवाबी सेकंडहँडच व्हता."

खरं आहे. त्याने केबलचा प्लग खोलला आणि शिट्टी वाजवली. "ह्यो डाग कुनी मारलाय? गवंड्यानं? केवढाले गोळे!" मग त्याने भिंग लावून पिनांचे आकडे पाहिले. दोन आणि तीन, तारा उलट. अगदी स्वच्छ उलट. मंडळाच्या माइकची आणि आयोजकांच्या माइकची त्या दिवशी गाठ पडली, आणि दोघांनी एकमेकांना गिळलं. तुझ्या गळ्याचा यात काडीचाही दोष नव्हता. हे आता अनुमान राहिलं नाही. आग मी डोळ्यांनी पाहिली.

घरी येऊन सगळं सुनिताला सांगितलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं. हात थांबला नाही.

"दादाला लिवलंत?"

"लिहितोच आहे."

"कुनी जोडली व्हती तार, ते लिवलंत?"

मी म्हटलं, तो कुणी अज्ञात कारागीर असावा. त्या काळी अशी कामं कोणीही करत असे. ती तव्यावरची भाकरी उलटी करून म्हणाली, "हं."

तर एवढंच, रोहिदास. एका अज्ञात कारागिराच्या हलगर्जीपणाने दोन भल्या माणसांची अकरा वर्षं गेली. त्याच्यावर राग काढायचा तर दोघे मिळून काढू, इथे, बावीस फेब्रुवारीला, मांडवात. पत्रिका आजच छापायला दिली आहे. आपले नम्र, त्याखाली मामा म्हणून तुझं नाव घातलं. विचारलं नाही. नकार द्यायचा असेल तर छापखान्याला द्यावा लागेल, आणि छापखानेवाल्याशी बोलण्यापेक्षा लग्नाला येणं सोपं आहे, हे अनुभवाने सांगतो.

नामा


कडाव, ४ जानेवारी

रोहिदास,

अज्ञात कारागिराचा तपास लागला. कर्जतच्या शाळेत संस्कृत शिकवतो. वय बावन्न. चष्मा लावतो.

त्या वेळी लावत नव्हता. हा मुद्दा महत्त्वाचा आहे.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी प्लगमधली तार तुटली होती. तू म्हणालास, "मनोजकडे टाक, दहा मिनटाचं काम हाय." मी म्हटलं, दोन तारांसाठी खोपोली गाठायची? माझ्याकडे डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न आहे, मेंदू आहे, आणखी काय लागतं? तू म्हणालास, "डोळे लागतात." आणि पोरांसमोर हसलास. म्हणून मी दारं लावून, एकट्याने, आतल्या खोलीत बसून ते काम केलं. प्लगच्या तोंडाकडून पाहिलं तर दोनचा आकडा एका हाताला दिसतो. डाग मात्र पाठीमागून द्यायचा असतो, तिकडून तोच दुसऱ्या हाताला येतो. आरशात भांग उलटा दिसावा तसं. मागच्या बाजूलाही बारीक आकडे कोरलेले असतात, पण ते मला दिसत नव्हते, आणि चाळिशीचा चष्मा खिशात असून मी तो काढला नाही. खोलीत कुणी नव्हतं, तरी काढला नाही. पुढून पाहिलं, मागून जोडलं. तो एकटाच लावून पाहिला, खणखणीत. छाती फुगवून तुला नेऊन दिला. तू म्हणालास, "मानलं मास्तर." ते ऐकून मला किती बरं वाटलं होतं, हे मी अकरा वर्षांत सुनितालासुद्धा सांगितलेलं नाही.

हे मी मागच्या पत्रातच लिहायला हवं होतं. मनोजने "गवंड्यानं?" विचारलं तेव्हाच मला ते गोळे ओळखू आले होते. मी म्हटलं, "कोण जाणे." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि भिंग पुसत बसला. तेवढा सुसंस्कृत आहे तो.

आता दुसरी गोष्ट, जी मी दोन पत्रांत गाळली.

तू म्हणालास, मी गळा आखडला. ते खोटं होतं, पण चुकीच्या समजाने म्हणालास. परतीच्या टेंपोत मी काय म्हणालो? पाच जण होते आणि ते टाळ मांडीवर घेऊन बसले होते. मी म्हणालो, "बुवा, तुझा आवाज गेला आता. उद्यापासून मागं बसून टाळ धर." सगळ्यांनी ऐकलं. तुझ्या बाजूने कुणी बोललं नाही, कारण सगळ्यांनी तासाभरापूर्वी कानांनी तो पत्र्याचा आवाज ऐकला होता. तूही ऐकला होतास. तू माझ्याकडे रागाने पाहशील असं मला वाटलं होतं. तू गळ्याला हात लावलास. तेवढंच.

मला तुझा आवाज गेला असं खरंच वाटलं होतं का? अर्धं वाटलं होतं. उरलेलं अर्धं असं की बारा वर्षं मी तुझ्या शेजारी बसून तुझ्या सुराला सूर लावत होतो. लोक म्हणत, "रोहिदासबुवा आले," आणि मी त्यांच्यासोबत आलेला असे. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातात काहीतरी लागलं, आणि मी ते फेकून मारलं. संस्कृतमध्ये याला मत्सर म्हणतात. मराठीतही तेच म्हणतात.

तुझा आवाज गेला नव्हता. तार उलटी होती. तार मी जोडली होती. आणि तू गायचं सोडलंस ते माझ्या एका वाक्यावरून. सुरेखा सांगते, अंघोळीतसुद्धा गुणगुणत नाहीस.

सुनिताने हे पत्र वाचलं. मीच दिलं. वाचून म्हणाली, "आता नीट लिवलंत." मग थोड्या वेळाने म्हणाली, "त्येनं येऊ नये असंबी लिवा. म्हंजी त्येच्यावर जबरी नको." ते मला जमलं नाही. तिचं म्हणणं मात्र कळवलं.

नामा


कडाव, २५ जानेवारी

रोहिदास,

परवा दुपारी सुनिताचा फोन वाजला. मी अंगणात केबलची गुंडाळी करत होतो. "हां दादा" एवढं ऐकू आलं आणि मी ती गुंडाळी सोडून पुन्हा पहिल्यापासून करायला घेतली. चार वेळा केली. माणसाला ऐकू येत नाही असं दाखवायला किती केबल लागते, हे मला आता नेमकं सांगता येईल.

ती बाहेर आली. पदराने डोळे पुसत होती, पण सूर भांडणाचा होता, म्हणजे आनंदात होती.

"येतोय. एकवीसलाच येतो म्हनला, हळदीला. वैनी न् पोरं समदीच. म्हनला, दाजींना सांग, दाजींची पत्रं मिळाली."

"आणखी?"

"आनखी काय? त्यानं इचारलं, माइक कंचा लावनार हाय?"

नम्रता दारातच उभी होती. तिने माझ्या हातातली केबल काढून घेतली आणि मला धरून गदागदा हलवलं. "बाबा, माइक विचारला म्हणजे मामा म्हणणार! ज्याला नुसतं उभं राहायचंय तो माइक कशाला विचारेल?" तिचं तर्कशास्त्र निर्दोष आहे. मला त्यात कुठेही छिद्र सापडलं नाही, आणि मी शोधलंही नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं रीतसर उत्तर. भटजींना बारीक मानेचा, शाळेच्या प्रार्थनेतून निवृत्त झालेला. तुला मंडळाचा, नेलपॉलिशवाला. बायजाबाईचा राखीव, त्याला व्याह्यांचं भाषण झेपेल. तिन्हींचे प्लग मनोजने नव्याने जोडले आहेत. मी जवळ उभा राहून चष्मा लावून पाहिलं, आणि हात मागे बांधून ठेवले होते. जोडीजोडीने सगळे लावून तपासले. दोन-दोन, मग तिन्ही. कुठेही माती कमी होत नाही. बायजाबाईला आमंत्रण दिलं तर म्हणाली, "माजा माइक वाजनार का?" मी म्हटलं, वाजणार. "मग येते. विकलेल्या वस्तूकडं पन लक्ष ठेवाया लागतं."

मांडव ठरला, आचारी ठरला. पंगतीच्या बाबतीत तुझ्या बहिणीने कुणाचं काही चालू दिलेलं नाही. तुम्हा सगळ्यांची उतरायची सोय आमच्याच घरी आहे, दुसरीकडे कुठे विचारूसुद्धा नकोस. हे सगळं मी मोठ्या उत्साहाने करतो आहे, आणि गावात कुणी विचारलं की सांगतो, "मेहुणा येतोय, मंगलाष्टक तोच म्हणणार." इतक्या जणांना सांगितलं आहे की आता माझाच विश्वास बसला आहे.

पण काल सुरेखाचा पुन्हा फोन आला होता. सुनिता मला सांगणार नव्हती. मी चेहऱ्यावरून ओळखलं. तू गेले तीन दिवस पहाटे गच्चीवर जातोस. पहिल्या दिवशी सूर लावलास आणि थांबलास. पुन्हा लावलास, पुन्हा थांबलास. खाली येऊन पाणी मागितलंस. दुसऱ्या दिवशी तसंच. काल पाणीसुद्धा मागितलं नाहीस, नुसता पायरीवर बसून राहिलास. सुरेखाने विचारलं तर म्हणालास, "बघतोय."

रोहिदास, तुझ्याजवळ एवढी बढाई मारून झाल्यावर आता सरळ लिहितो. मला मांडवाची काळजी नाही. तू माझ्याशी बोलशील की नुसता पाहुण्यासारखा राहशील, याचीही नाही. जसा राहशील तसा चालेल. नम्रतेला मी समजावलं आहे, मामा नुसता मागे उभा राहिला तरी ती वळून बघेल, हसेल आणि पुढे बघेल, तसं तिने कबूल केलं आहे. म्हणायला हवंच असं काही नाही. हे तुला कळावं म्हणूनही हे पत्र आहे.

माझी काळजी वेगळी आहे. अकरा वर्षं न वापरलेला गळा आहे. त्या दिवशी टेंपोत मी म्हणालो ते खोटं होतं. पण मी म्हणालो म्हणून तू गायचं थांबवलंस, आणि इतकी वर्षं थांबलास म्हणून ते आता खरं झालं असेल, तर मी काय करू, ते मला कळत नाही.

नामा